कॅलेंडरवरून ठेवलेली गावं

सॅन अँटोनियो, टेक्सास

तीर्थरूप दादांना रत्नाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता वळतो का? वहिनींना सांगा, डिंकाचे लाडू न फुटता पोचले. केदार-रीमाचं बाळ गुटगुटीत आहे. आवाज आजीवर गेलाय (माईक लागत नाही).

आता मुख्य हकीकत. रीमाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई हिमानीताई, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून बारशाला आल्या त्या पर्समध्ये पंचांग घालूनच. जन्मवेळेवरून गुरुजी जे अक्षर काढतील त्यावरूनच नाव ठेवायचं, हा त्यांचा हट्ट. मी आयुष्यभर व्यासपीठावरून पंचांगं फाडत आलेली (खरोखर एकदाच, तेही मागच्या वर्षीचं). गप्प कशी बसणार? त्यात इथल्या मराठी मंडळाने ‘आपलं शहर’ या विषयावर बोलायला बोलावलं, आणि विहीणबाई पहिल्या रांगेत.

मी म्हटलं, या गावाचं नाव कसं पडलं ते ऐका. स्पॅनिश लोक इथल्या नदीकाठी पोचले तो दिवस तेरा जून, कॅलेंडरात संत अँटनीचा. झालं, ठेवलं सॅन अँटोनियो. इथे आधीपासून राहणारे पायाया लोक या जागेला यानाग्वाना म्हणत, पण त्यांना विचारतो कोण. संत अँटनी म्हणे हरवलेल्या वस्तू शोधून देतो. हे नाव मात्र त्याला अजून सापडलेलं नाही. तिकडे कॅलिफोर्नियात एक दर्यावर्दी सॅन दिएगो नावाच्या जहाजातून उतरला, त्याच सुमारास संत दिएगोचा दिवस आला, आणि जहाज, तिथी, शहर एकाच संतात उरकलं (काटकसर असावी तर अशी). मंडळी, जिच्याकडे नीट बघितलंही नाही तिला तारखेवरून नाव चिकटवणं हा शुद्ध आळस आहे, मग ती नदी असो की पाळणा. टाळ्या पडल्या. हिमानीताईंनी पर्सची चेन लावली.

दुर्दैव असं, की रीमाने भाषण मनावर घेतलं. ती अमेरिकेतच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, बोलणं निम्मं इंग्रजी. गाडीत म्हणाली, “आई, यू आर सो राइट. नो कॅलेंडर. नाव मीनिंगफुल हवं.” मी मोठ्या अभिमानाने विहीणबाईंकडे पाहिलं. तेवढ्यात केदार म्हणाला, “मग डॅलस ठेवू या. आम्ही तिथेच भेटलो ना.”

“अरे, ते गाव आहे.”

“इथे मुलांचंही असतं, आई. आणि संताचं नाहीये, मी चेक केलं.”

हिमानीताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “घ्या रत्नाताई, पुरोगामी नातू.”

डॅलस पाठक, दादा. माझ्या सासऱ्यांच्या फोटोखाली डॅलस पाठक. बारसं रविवारी आहे, आपली रेणू आत्या म्हणून बाळाच्या कानात हेच सांगणार, आणि मला तोंड उघडायची सोय नाही. अख्ख्या मंडळाने ऐकलंय.

प्रकृतीला जपा. अंधश्रद्धेविरुद्धचा माझा लढा अखंड चालू आहे.

तुमची धाकटी,
रत्ना

ता. क. टपालाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवतेय. तुमच्या गल्लीतल्या ज्योतिषीबुवांकडून बाळाचं अक्षर लगेच काढून घ्या. जन्मवेळ सोबत लिहिली आहे. ती इथली आहे, तिथली करून घ्या. अक्षर परस्पर हिमानीताईंना कळवा. आईने हट्ट धरला की रीमा ऐकते. माझं नाव कुठे येऊ देऊ नका.

आणखी एक. अक्षर ‘ड’ निघालं, तर ज्योतिषी बदला.