टीव्हीवरचा रंग

९ जानेवारी १९८६, गुरुवार

दुसरं मशीन सकाळपासून बंद. डायचा पंच, पत्र्याला भोक पाडतो तो, तुटला. उद्या ब्रॅकेटचा माल जायचाय, आणि नेमक्या अकराला मुंबईच्या बाई दारात. टीव्हीसाठी कार्यक्रम करतात, उद्योग करणाऱ्या बायकांवर. नंदिनी मॅडम म्हणायचं त्यांना. चेहऱ्याच्या क्रीमची एक कंपनी पैसे घालते म्हणे. क्रीमचा आणि माझ्या ब्रॅकेटचा काय संबंध, ते विचारायचं राहिलं.

शेडमध्ये फिरल्या. नाकाला रुमाल. "सातपूरमध्ये बाईचं प्रेस शॉप! हेच हवंय आम्हाला." मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डाव्या हाताकडे. दोन बोटांची पेरं नाहीत ती त्यांना तेव्हा दिसली. पहिल्या वर्षी प्रेसखाली गेली, असं मी आपणहून सांगितलं. "अरेरे," म्हणाल्या, आणि लगेच, "ते मॅनेज करू."

माझा फोटो काढायचा होता. खुर्चीमागे बुद्धाची तसबीर. "ही जरा बाजूला ठेवू या का? फ्रेममध्ये गर्दी होते." काढली. मीच काढली, स्टुलावर चढून.

१२ जाने., रवि.

ज्योतीला आनंद मावत नाही. कॉलनीत चार घरी सांगून आली. एकवीस वर्षांची घोडी, पण नाचली. ड्राफ्ट्समनचा कोर्स केल्यापासून माझ्या सगळ्या डायची ड्रॉइंग तीच करते. म्हणाली, "आई, प्रेसचं ते मोठं चाक, फ्लायव्हील, हातानं फिरवून मशीन चालू केलं होतंस पहिल्यांदा, ते सांग. सगळे हसत होते बघ तेव्हा."

ह्यांनी पेपर खाली केला नाही. "तोंड चांगलं धुऊन जा," म्हणाले. चेष्टा. बावीस वर्षं हीच चेष्टा. लग्नात ह्यांच्या आत्यानं हळद लावताना विचारलं होतं, हिला लावलेली कळणार कशी. तेव्हाही हे हसले होते.

२३ जाने., गुरु.

मुंबईहून आत्ताच आले. पाय सुजलेत, पण लिहून ठेवते, नाहीतर उद्यापर्यंत मी मला पटेल तसं करून घेईन.

मेकअपच्या खोलीत आरशाभोवती दिवे. मेकअपवाली माझ्या डोक्यावरून नंदिनी मॅडमना म्हणाली, "बहोत डार्क है." मी समोर बसलेली. मॅडम म्हणाल्या, "तीन शेड वर जा. मान, कान, हात, सगळं." ओल्या स्पंजनं थापत होती. मध्येच थांबून म्हणाली, "नाकाचं काही करता येणार नाही." हे मराठीत.

माझी नारायणपेठ नको. त्यांच्याकडची जॉर्जेट, मोतिया रंगाची. चष्मा काढून घेतला. खोटा अंबाडा. डावा हात पदराखाली ठेवायचा आणि हलवायचा नाही.

मुलाखत घेणारी पोरगी गोड होती. पहिलंच वाक्य, "या नाजूक हातांनी लोखंडाला आकार दिलाय." पदराखाली हात घामेजला. फ्लायव्हीलचं सांगायला सुरुवात केली तर कोणीतरी हात वर केला, कट. परत. "एवढं सगळं सांभाळून त्वचेची काळजी कशी घेता?" उत्तर आधीच कागदावर लिहून दिलेलं. मी म्हटलं. अडखळले म्हणून तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा छान हसलेसुद्धा.

खरं लिहायचं तर आरशात बघून बरं वाटलं. पाचेक मिनिटं मी उठलेच नाही. मेकअपवालीनं उरलेली डबी दिली, पॅनकेक म्हणतात त्याला. "रख लो, काम आएगा." घेतली.

१६ फेब्रु., रवि.

लागला कार्यक्रम. घरात पंचवीस माणसं, दारातसुद्धा. पडद्यावर मुंग्या, ज्यो अँटेना फिरवायला गच्चीवर. ओरडून विचारत होती, "दिसते का? दिसते का?" मी दिसत होते. ती खाली येईपर्यंत माझं निम्मं संपलं होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "विमल, अगं काय दिसतेस!" ह्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. माझ्याकडे म्हणजे पडद्याकडे.

सगळे गेल्यावर ज्यो म्हणाली, "तू फ्लायव्हीलचं सांगितलंच नाहीस."

"कापलं त्यांनी."

"आणि ते क्रीम? तू कधी लावतेस क्रीम?"

मी म्हटलं, झोप आता.

१७ फेब्रु., सोम.

शेडमध्ये सगळ्या बायका गप्प. रुक्मिणी, पेठ तालुक्यातली, पहिल्या दिवसापासून माझ्याकडे, तिला पोटात काही ठेवता येत नाही. "बाई, तुमी कवा आल्या तेच कळलं नाय. आमी लय येळ वाट पायली. मंग संपलंच." सगळ्या फिस्सकन हसल्या.

मला काय झालं माहीत नाही. तिला मशीनवरून उठवलं आणि कापलेल्या पत्र्याची धार घासायला बसवलं. महिनाभर तिथंच बस म्हटलं. तिनं हातमोजे काढून ठेवले. चूक झाली. पण बदलणार नाही.

दुपारी दोन कंपन्यांचे फोन. खरेदी-साहेब स्वतः बोलले. टीव्हीवर बघितलं म्हणे. सहा वर्षं ज्यांच्या गेटवर ताटकळले, ते.

२ मार्च, रवि.

ज्योतीला स्थळ. नाशिकरोडचे, मुलगा पुण्याला बँकेत. मुलाच्या आईचा निरोप मध्यस्थांकडून: "टीव्हीवर आईला बघितलं. घराणं चांगलं दिसतंय. मुलगी आईवर गेली असेल तर आम्हाला विचारायचंच नाही काही."

मध्यस्थ माझ्याकडे बघत होते आणि मी चहा ओतत होते. आईवर गेलीय, मी म्हटलं. खोटं कुठं होतं त्यात.

१६ ला येणार. याआधी तीन जण बघून गेले, तिन्ही नकार पत्रिकेवर घातले. आम्ही पत्रिका बघत नाही हे त्यांना ठाऊक असून.

११ मार्च, मंगळ

ज्यो म्हणते पार्लरला येणार नाही. "जशी आहे तशी बघू दे." मी म्हटलं, जशी आहेस तशी तिघांनी बघितली. तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

मग आणखी बोलले. एवढी शिकलीस, तुझ्या ड्रॉइंगला कोण हार घालणार. माझं लग्न कसं झालं ते मला माहीत, तुझ्या बापानं दोन वर्षं सिनेमाला नेलं नाही बरोबर. तुझी तीच गत करायचीय का?

ती म्हणाली, "उद्या किती वाजता?"

हे कोणाला सांगायचं नाही, म्हणून इथं. ती जन्मली तेव्हा सुईणीनं दाखवली आणि माझा पहिला विचार, माझाच रंग उचलला. राग आला होता. तेवढ्याशा पोरीचा. तो अजून गेलेला नाही.

१२ मार्च, बुध.

गंगापूर रोडचं पार्लर. ब्लीच करायचं. पार्लरवालीनं कानामागे थोडं लावून बघितलं, म्हणाली, "हिची स्किन नाजूक आहे, लाल झालंय. परवा या, सौम्य करू." मी म्हटलं, परवा कशाला, रविवारी माणसं येणारेत.

लावलं. थोड्या वेळानं ज्यो म्हणाली, "आई, जळतंय." पार्लरवाली पाणी घेऊन आली. मी त्या बाईचा हात धरला. अजून पाच मिनिटं राहू द्या, म्हटलं. रंग उतरायला वेळ लागतो.

"आई, खूप जळतंय गं."

"थोडं सोस."

सोसलं तिनं. खुर्चीचे हात धरून. डोळ्यांतून पाणी येत होतं तर मी ते टिपून घेतलं, ब्लीचमध्ये मिसळू नये म्हणून.

१३ मार्च, गुरु.

दोन्ही गालांवर फोड. उजव्या बाजूला हनुवटीपर्यंत कातडं सुटलंय. डॉक्टरांनी विचारलं किती वेळ ठेवलं होतं. मी म्हटलं, पार्लरवालीला विचारा. ज्यो माझ्याकडे बघत होती.

"डाग राहतील?"

"राहतील. किती, ते आता नाही सांगता येणार."

हे शिफ्टवरून आले, तिला बघून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. बाहेर येऊन मला एवढंच, "मी म्हणालो होतो का टीव्हीवर जा?"

१४ मार्च, शुक्र.

मध्यस्थांना पुढची तारीख मागितली. नाही म्हणाले, मुलाची रजा नाही.

१६ मार्च, रवि.

गेले. भांडी तशीच पडलीत.

मलम पुसून त्यावर मी पॅनकेक लावला. मुंबईची डबी. खालचं ओलं होतं, बसेना. तीनदा लावला. ज्यो भिंतीकडे बघत बसली होती. दुरून ठीक दिसत होतं. निळी साडी, पडदा अर्धा ओढलेला.

जयभीम करून आत आले पाच जण. मुलाची आई माझ्याकडे बघून घुटमळली. "तुम्हीच ना त्या? टीव्हीवर वेगळ्याच दिसत होतात." हे म्हणाले, "कॅमेऱ्याचा फरक." पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले असतील.

ज्यो पोहे घेऊन आली. मुलगा बरा होता, मान खाली. तिला विचारलं काय करता, तर ही डायबद्दल बोलायला लागली आणि तोही ऐकत होता. मला वाटलं, जमतंय.

मुलाची मावशी जवळ सरकली. "ये बाळ, इथं बस." मायेनं. गालावरून अंगठा फिरवला आणि अंगठा उजेडात धरला.

"हे काय लावलंय?"

मावशीनं अंगठा रुमालाला पुसला.

"जा बाळ, तोंड धुऊन ये. आपल्याच घरात आहेस."

मी म्हणू शकले असते. नाही धुणार, उठा. शेडमध्ये पंधरा माणसांवर ओरडते मी. इथं मी बशा गोळा करत होते.

ज्यो उठली. मोरीत पाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. परत आली, त्याच खुर्चीवर बसली, चेहरा सरळ वर. गालांवरून पाणी ओघळत होतं, खाली लाल, कडेला काळं. मुलाच्या आईनं तोंडावर पदर घेतला. मुलगा पोहे खात राहिला. संपवले त्यानं.

दारात मावशी मला म्हणाली, "स्वतः एवढं नटून टीव्हीवर जाता, मुलीकडे जरा लक्ष द्यायचं."

१७ मार्च

ज्यो बोलत नाही. जेवते, ड्रॉइंग करते, मलम स्वतः लावते. मला हात लावू देत नाही.

२८ मार्च, शुक्र.

मध्यस्थांचं कार्ड. नकार. कारण: मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही.

९ एप्रिल, बुध.

खपल्या पडल्या. उजव्या गालावर तळहाताएवढा पांढुरका डाग, भोवती काळी कड. डावीकडे ठिपके. मी एकदा नीट बघितलं आणि वाटलं, पांढरी झाली की. असला विचार येतो डोक्यात. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आज ती शेडमध्ये आली. बायकांनी बघितलं, रुक्मिणी उठली. अजून धार घासायलाच बसते ती, महिना उलटून गेला, मी काही म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. ज्योच्या दोन्ही गालांवर तिनं आपले काळे, तेलकट हात ठेवले. "कोनी केलं गं हे?"

ज्योनं माझ्याकडे बघितलं नाही. "पार्लरमध्ये झालं, मावशी."

मी हजेरीचं रजिस्टर उघडून बसले. दुपारपर्यंत पान उलटलं नाही.

२१ एप्रिल, सोम.

नंदिनी मॅडमचं पत्र. मागच्या भागाला पुष्कळ पत्रं आली. आता 'मायलेकी' म्हणून नवा भाग, आई आणि मुलगी एकाच धंद्यात. तुमची मुलगी ड्रॉइंग करते ना? दोघी या. क्रीमची कंपनी दोघींचे फोटो मासिकातही छापणार. सोबत फॉर्म, शनिवारच्या आत पाठवा.

ह्यांना दाखवलं. बराच वेळ वाचलं. म्हणाले, "तू जा. तिसरं मशीन घेतलंयस, त्याला काम लागेल." ते खरं आहे. मागच्या वेळेच्या दोन कंपन्यांनीच शेड भरलीय.

मग ज्योला दाखवलं. लपवता आलं असतं, पण पत्र आल्याचं तिला कळलं होतं. महिन्याभरानं पहिल्यांदा माझ्याशी धड बोलली.

"जा की."

"तुझ्याशिवाय कसं? मायलेकी म्हणतात ते."

"मग एकटीच्या भागात जा परत. मुलगी नाही असं लिही. तुला जमतं ना, ते लिहून देतात तसं म्हणायला."

चिडून नाही म्हणाली. पट्टीनं माप घेत म्हणाली.

ती समोरच्या टेबलावर बसलीय. नव्या मशीनची डाय आहे, अवघड आहे, मला जमली नसती. पंख्यानं ओढणी गालावरून सरकते, ती मागे ओढत नाही आता.

नाव लिहिलं. व्यवसाय लिहिला. कामगार किती, मशीन किती, लिहिलं. पुढे: अपत्ये. कंसात बारीक अक्षरात, अलीकडचा फोटो जोडावा.

पेनचं टोपण काढून बसलेय. तिनं दोनदा वर बघितलं, मी लिहिते का ते.