माझी झोप कोण झोपतंय?

३ नोव्हेंबर

देवबागला पोचले एकदाची! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर डोरथी आंटी नि डॉमिंगो अंकल यांचं माडांतलं होमस्टे. माझं काम सोपं. बुकिंग सांभाळायचं, पाहुण्यांच्या मेसेजना उत्तरं द्यायची. पुण्यात कॉल सेंटरच्या रात्रपाळीने झोपेचं पार खोबरं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, फोन लांब ठेवा, रोजनिशी लिहा. पहिलं नि तिसरं जमलं. फोनचं मात्र जमणार नाही, पोट त्याच्यावरच आहे. जेवायला सुरमई आणि सोलकढी होती. आंटी वाढताना नाही ऐकूनच घेत नाहीत.

६ नोव्हेंबर

पाहुणे म्हणजे एकेक नग! एकाने मध्यरात्री विचारलं, समुद्राचा आवाज जरा कमी होईल का? उत्तराला उशीर झाला की रेटिंग घसरतं, म्हणून फोन उशाशीच असतो. वाजायच्या आधीच हात जातो. मनगटावरचं घड्याळ झोप मोजतं आणि सकाळी फोनवर मार्क दाखवतं. मी रोज नापास. शाळेतसुद्धा एवढी नापास झाले नव्हते.

१० नोव्हेंबर

काल रात्री फोन आला. पडद्यावर माझंच नाव, भक्ती, आणि माझाच नंबर. अर्धवट झोपेत पहिल्याच रिंगला मी ओ दिली. पलीकडे कुणीतरी लांबलचक जांभई दिली आणि फोन बंद झाला.

सकाळी आंटींना गंमत म्हणून सांगितलं. त्यांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं, तव्यावर आंबोळी करपली. "रातीचा कोणी साद घातल्यान तर तीन हाका झाल्याशिवाय ओ देव नको गो बाय," म्हणाल्या. इथे लहान पोरांनाही हे शिकवतात म्हणे. जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. मी हसले. तीन रिंगा थांबले तर गिऱ्हाईक तारकर्लीला पळेल! आंटी हसल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर

त्या फोनपासून डोळ्याला डोळा नाही. रात्रभर बाहेर पायरीवर बसून असते. आणि सकाळी फोन म्हणतो, गाढ झोप, शंभरपैकी नव्वद, अभिनंदन!

अंकल म्हणतात, मशीन बिघडलंय. आज घड्याळ आणि फोन दोन्ही त्यांच्या कपाटात ठेवले. कुलूप लावून.

१४ नोव्हेंबर

कपाट उघडलं. शंभरपैकी शंभर.

मला भीती वाटते आहे. पुण्यात झोप येत नव्हती. इथे येते आहे, पण दुसऱ्याच कुणाला तरी.

मालवणच्या बाजारातून मासे घेऊन परतले तर आंटी खूश. म्हणाल्या, दुपारभर कितक्या गाढ निजलं होतंस गो, माका बरां वाटलां. दुपारभर मी बाजारात होते.

खोलीत गेले. गादीला खळगा पडलेला. उशी ऊबदार.

१५ नोव्हेंबर

हात जड झालाय. शब्द सापडत —

अंकलशी बोलले. डास हाकलावा तसा त्यांनी कानावरून हात फिरवला. आंटींनी माझ्यादेखत माझं ताट झाकून ठेवलं. अंकलना दटावलं, आवाज करू नका, पोर पहिल्यांदाच अशी निजली आहे. खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. सगळं मायेने करताहेत, आणि मी इथे उभी —

फटीतून पाहिलं. पांघरुणाखाली मीच होते. इतकी शांत मी कधी —

१६

ती जितकी झोपते तितकी मी कमी होते. वाळूवर माझं पाऊल उमटत नाही —

आंटींनी मला ओ दिली पाहिजे. कुणीतरी ओ दिली तर मी आहे —

हाक मारली. आंटी अंथरुणात दचकल्या. छातीवर क्रूस काढला, गप्प राहिल्या.

दुसरी.

तिसरी मारली! घसा फाडून! मारता आली, म्हणजे मी अजून माणूस — आंटी उठून बसल्या, त्यांनी तोंड उघडलं —

आणि खोलीतून माझ्या आवाजात उत्तर आलं. काही नाही आंटी, स्वप्न पडलं मला, झोपा तुम्ही.

आंटी आडव्या झाल्या.

ती उठली. ती उठली. आणि मला, देवा, इतक्या दिवसांनी मला झोप ये —