तोंडात नसलेला ळ

मंगळवार, दिवेलागण

हाताचा पिवळा रंग अजून निघत नाही. आज चामोर्शीत शाळेच्या भिंतीवर वाघ रंगवला. आजवर माझा वाघ पाहून लोक हसायचे, "भाऊ, मांजर काऊन काढली?" आज डबा घेऊन आलेली बायको जागीच थबकली. "अजी, याचे डोरे पाहून भेव वाटते!"

डोळे जमले कसे? कोणी शिकवलं? ब्रश हवेत पुन्हा तसाच फिरवला. एक वाटोळं, लागून दुसरं... अरे, हा तर ळ! मूल गावच्या राईस मिलांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं 'तांदूळ' लिहिला, तोच.

आणि आम्ही बोलताना म्हणतो तांदूर. डोळ्यालाही डोराच. जन्मभर तोंडाला न जमलेला ळ हातात मुरत राहिला, आणि आज वाघ होऊन माझ्याकडेच बघत होता.