आयेनेवचा मुलमुल

नेहासे ७
आज पुन्हा भांडण. येशांबेल म्हणतो, "तेज्कारचं जेवण घालून टाकू. पोराच्या जिवाला शांती मिळेल." घालून टाकू! नवरा आहे की दगड? वरच्या डोंगरावर गोळीबार झाला, शेळ्या परत आल्या, आयेनेव आला नाही. एवढंच ना? प्रेत कुणी पाहिलंय? असं विचारलं की उठून अंगणात जातो.

नेहासे ९
शेजारची वोर्के पीठ घेऊन आली. "बुहेचा सण आला. मुलमुल भाजणार आहेस का गं?" आमच्याकडे बुहेला घरात जितके मुलगे तितके मुलमुल पाव. गेलेल्याचा भाजत नाहीत.
"एक भाजणार," म्हटलं. ती पिठाकडेच बघत बसली. बसू दे!

नेहासे ११
देवळात पाद्री अब्बा गेते बुहेचा अर्थ सांगत होते. डोंगरावर प्रभूचं रूप पालटलं, तोंड सूर्यासारखं झालं. शिष्यांना बघवलं नाही, पालथे पडले. त्या उजेडात गुराखी पोरांना रात्र झाल्याचं कळलंच नाही, मग मायबाप मशाली आणि पाव घेऊन शोधायला निघाले. "देवाचं सौंदर्य असंच," अब्बा म्हणाले, "माणसाला बघवत नाही."
पोरं सापडली होती ना! मग मीही जाणार. घरी सांगितलं तर येशांबेल ओरडलाच — "डोंगरावर पाय ठेवायचा नाही!" सगळं गाव शेळ्या नेतं तिथे. मीच का नको?

नेहासे १२
मुलमुल छान फुगला. संध्याकाळी पोरं बुहेच्या रीतीप्रमाणे चाबूक वाजवत, गात दारात आली. "काकू, केवढा मोठा! द्या की!"
"तो आयेनेवचा."
गाणं थांबलं. भाजलेले हरभरे दिले, गेली बिचारी.
मशाल पेटवली. येशांबेल दारात आडवा उभा राहिला. मी हटले नाही. मग हळूच म्हणाला, "थांब, आयेनेवच्या आई. मी नेतो. मला जागा माहीत आहे."

नेहासे १३
झाडाखाली दगडांची रास. बांध घालतो तसेच नीट रचलेले — येशांबेलचाच हात. एवढे दिवस लपवलं! छातीवर बुक्क्या मारल्या त्याच्या. "तू मुलमुलचं बोलायचीस," म्हणाला, "कुठल्या तोंडाने सांगू?"
पाव दगडांवर ठेवला. विचारलं, "शेवटी कसा दिसत होता रे?"
"बघवलं नाही गं," म्हणाला. "आधी शाल टाकली तोंडावर, मग उचललं."