सोफ्यावरच्या भिंतीसाठी एक पक्षी

३ मे
उद्या विमान. सुनेशी तह झाला. सोफ्याच्या वरची मोकळी भिंत तिला आरशासाठी हवी आहे. आरशाने म्हणे हॉल मोठा दिसतो. मी म्हटलं, हॉल तेवढाच राहतो, फक्त त्यात तू दोनदा दिसतेस. मुलगा नेहमीप्रमाणे पेपरच्या आड. शेवटी ठरलं ते असं: या परदेशच्या पक्षी-टूरवरून मी फ्रेम करण्याजोगा एक तरी फोटो आणला, तर भिंत माझी. नाहीतर आरसा. या घरातलं स्वयंपाकघर गेलं, टीव्हीचा रिमोट गेला, बाल्कनीत माझ्या कुंड्यांच्या जागी तिची सायकल आली. भिंत जाणार नाही. खिळा मी आजच ठोकून ठेवला आहे.

५ मे
पोचलो. टूरवाल्यांनी सगळ्यांना एकसारखी हिरवी टोपी आणि एकसारखं खाकी जाकीट दिलं. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं. फरक इतकाच की आमच्या कॉन्व्हेंटच्या सहलीत शिस्त होती.

खोलीत माझ्याबरोबर धाकटी जाऊ. टूरच्या ऑफिसात मी स्पष्ट सांगितलं होतं, सोबतीला कोणीही चालेल. कोणीहीमध्ये ती येत नाही हे त्या मुलीला कळायला हवं होतं. मी बागकाम सुरू केलं, हिने सुरू केलं. मी योगासनं सोडली, हिने सोडली. मी कॅमेरा घेतला, हिने त्याच कंपनीचा घेतला, एक नंबर वरचा. आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग धरला. मोठ्या जावेला विचारायची पद्धत तिच्या माहेरी नसावी.

जेवताना एकजण म्हणाले की टोपीत आम्ही दोघी मागून अगदी सारख्या दिसतो. हे रिटायर्ड गृहस्थ तोफेएवढी लेन्स घेऊन फिरतात, म्हणून मी त्यांना तोफवाले म्हणते. पुढूनही सारख्याच दिसता, असंही म्हणाले. त्यांनी मागितलेलं मीठ मी दिलं नाही.

६ मे
पहिली सकाळ. तळ्याकाठी माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं उंच लव्हाळं. त्यात वॉटर रेल नावाचा पक्षी राहतो. कोंबडीच्या पिल्लापेक्षा जरा मोठा, लांब लाल चोच, ओरडणं थेट डुकराच्या पिल्लासारखं. ऐकू सगळ्यांना येतो, दिसत कोणालाच नाही. मी ताबडतोब ठरवलं: भिंतीवर हाच.

गाइड स्थानिक, उंच, अखंड कुजबुजणारा. त्याचा नियम असा की मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलवायचं नाही. पिल्लांचे दिवस आहेत. आवाज ऐकून रेल प्रेमाने येत नाही म्हणे, आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं वाटून भांडायला येतो, आणि इकडे पिल्लं उपाशी राहतात. नियम योग्य आहे. बेजबाबदार लोकांसाठी असे नियम हवेतच.

फोटो: बेचाळीस. त्यात लव्हाळं: बेचाळीस. पहिल्या काही फोटोंत लेन्सचं झाकण होतं, पण ते मोजायला नकोत.

७ मे
जाऊबाईंबरोबर एका लपणात बसणं अशक्य. लपण म्हणजे फटी ठेवलेली लाकडी खोली, आत बाक, तोंड मिटून पक्ष्यांची वाट पाहायची. ही बिस्किटाचा पुडा उघडते. एकेक बिस्कीट चहात बुडवते, आणि ते मोडून पडलं की अगंबाई म्हणते. मी गाइडला सांगितलं, आम्हाला वेगवेगळं बसवा. माझं इंग्रजी सिस्टर लोकांनी घडवलेलं आहे, तरी त्याने तीनदा पार्डन म्हटलं. त्याचाच कान कच्चा. शेवटी मला लव्हाळ्याच्या अलीकडचं लपण मिळालं, तिला पलीकडचं. मध्ये दाट लव्हाळं. आता काम होईल.

संध्याकाळी मोबाइलवर पक्ष्यांच्या आवाजांचं अ‍ॅप घेतलं. केवळ अभ्यासासाठी.

८ मे
अभ्यास केला. लपणात एकटीच होते. आवाज अगदी बारीक ठेवून रेलचं ओरडणं एकदा लावलं. रेकॉर्डिंगच्या शेवटी लांबवर एक कुत्रं दोनदा भुंकतं. ज्याने रेकॉर्ड केलं त्याला कुत्रं आवरता येऊ नये?

तर डावीकडून लव्हाळ्यातून उत्तर आलं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा उत्तर. माझं पूर्ण होईपर्यंत तो थांबतो आणि मग बोलतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा झाला, सून आली, पण माझं वाक्य संपू देणारं कोणी आज पहिल्यांदा भेटलं.

बाहेर मात्र आला नाही. लाजतो.

९ मे
आजही संवाद. एक गोष्ट लक्षात आली. उत्तर देताना शेवटी तोही कुत्र्यासारखा दोनदा भुंकतो. आधी वाटलं भास. पाच वेळा तपासलं, पाचही वेळा भुंकला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. नुसत्या हॅलोवरून माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मला कळतं. माझा कान फसत नाही. म्हणजे अर्थ एकच: इथला रेल कुत्र्याची नक्कल करायला शिकला आहे. कुठल्याही पुस्तकात हे नाही. परत गेल्यावर आमच्या पक्षीमंडळाच्या अंकात लेख द्यायचा. भिंत आता किरकोळ बाब झाली. तरी घेणारच.

रात्रीच्या जेवणाला जाऊबाई फारच खुशीत. मला एक फार वेगळं काहीतरी सापडलंय, आत्ताच सांगणार नाही, म्हणाली. सांगू नकोस, म्हटलं. हिला चिमणी सापडली असेल. सूप पिताना आवाज करत होती, पण मी मोठ्या मनाने काही बोलले नाही. फक्त टेबल बदललं.

सुनेचा मेसेज: आरसा सेलमध्ये आहे, बघून ठेवू का? उत्तर दिलं: स्वतःच्या खोलीसाठी बघ.

१० मे
उद्या शेवटची सकाळ, म्हणून आज निर्णय घेतला. पक्षी माझ्याकडे येत नाही, तर मी जाईन. लपणाच्या मागच्या दारातून एक अरुंद फळीवाट थेट लव्हाळ्यात जाते. तिथे आडवी साखळी आहे. साखळी पर्यटकांसाठी.

एका हातात मोबाइल, गळ्यात कॅमेरा, गुडघ्यांवर रांगत. गुडघ्यांचं नाव काढत नाही. आवाज लावला. समोरून लगेच उत्तर, अगदी जवळून. भुंकण्यासकट. मी पुढे सरकले. तोही पुढे सरकला. लव्हाळं हललं. श्वास रोखला. खालच्या बाजूला हिरवट, खाकी काहीतरी दिसलं. माझा अंदाज होता त्यापेक्षा पक्षी मोठा निघाला. बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

लव्हाळं दुभंगलं आणि जाऊबाईंचं तोंड बाहेर आलं.

तीही रांगत. तिच्याही एका हातात मोबाइल. तिचाही कॅमेरा माझ्यावर रोखलेला. दोन्ही मोबाइलमधलं कुत्रं भुंकून शांत झालं.

ती म्हणाली, तुम्ही होय. मी म्हटलं, तुला लाज नाही वाटत, पिल्लांचे दिवस आहेत. ती म्हणाली, हे तुम्ही सांगताय. मी म्हटलं, माझा अभ्यास चालला होता. ती म्हणाली, माझा काय भोंडला चालला होता का? मग आवाज थोडे वाढले. तिने चोवीस वर्षांपूर्वीचा मिक्सर काढला. मी तिच्या नवऱ्याच्या साखरपुड्यातलं भाषण काढलं. तेवढ्यात गाइडची शिट्टी वाजली, त्याच्यामागे सगळी टूर धावत आली. इतके दिवस कुजबुजणाऱ्या माणसाकडे एवढा आवाज होता हे माहीत नव्हतं.

आमच्या भांडणाला घाबरून खरा रेल माझ्या मागून फळी ओलांडून पळाला. सगळ्यांनी पाहिला. मी पाठमोरी होते. तोफवाल्यांनी फोटो काढला, लाल चोचीसकट. कोपऱ्यात माझा बूट आहे.

११ मे
शेवटची सकाळ. आम्हा दोघींना तळ्यावर बंदी. बसमध्ये बसून राहायची शिक्षा. ड्रायव्हर पुढे झोपला. ती उजव्या खिडकीला, मी डाव्या. तिने बिस्किटाचा पुडा उघडला. एक पुढे केलं. मी घेतलं नाही. थोड्या वेळाने ते मधल्या सीटवर ठेवलेलं दिसलं. खाल्लं, पण तिचं लक्ष नसताना.

लेख रद्द. कुत्र्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही.

१३ मे
घरी. मुलाने फोटो मोठ्या पडद्यावर लावले. लव्हाळं, लव्हाळं, आभाळ, लव्हाळं, माझा अंगठा. सून शांत बसली होती. तिच्या शांततेचाही आवाज मला ओळखू येतो. मग तो फोटो आला. मुलगा उठून उभा राहिला. आई, फोकस बघ, म्हणाला. खरंच. पापणीचा केस न् केस दिसतो. टोपीच्या सावलीत डोळे चमकताहेत, लव्हाळ्यातून सोनेरी ऊन पडलंय, तोंड अर्धवट उघडं. सात दिवसांत एवढा एकच फोटो जमला.

मी म्हटलं, तो पुसून टाक. सून म्हणाली, का हो, फ्रेम करण्याजोगा आहे की. तह म्हणजे तह. भिंत तुमची.

२० मे
फ्रेम माझ्याच खिळ्यावर लागली. मी रोज जेवते त्या खुर्चीच्या बरोबर समोर. आरसा सुनेने माझ्या खोलीत लावला, तिथे जागा होती म्हणे. जाऊबाईंचा फोन येऊन गेला. त्यांच्या हॉलमध्ये मी लागले आहे. तिचा कॅमेरा एक नंबर वरचा, त्यामुळे माझे नाकातले केससुद्धा आलेत, असं आवर्जून सांगितलं.

२२ मे
शेजारीण चहाला आली होती. फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, किती छान आलाय हो तुमचा फोटो, चेहऱ्यावर किती प्रेमळ भाव आहेत. मी म्हटलं, नीट बघा, ती मी नाही, ती माझी धाकटी जाऊ. फोटो मी काढलाय. ती म्हणाली, काहीतरीच, ही टोपी घालूनच तर तुम्ही टॅक्सीतून उतरलात. मग पुन्हा निरखून म्हणाली, स्वतःच काढलात? या वयात सेल्फी इतका छान जमतो?

स्वयंपाकघरातून सून हसली. मी शेजारणीला चहात साखर किती ते विचारलं.