बोटीवरच्या एसीचा जनरेटर

मस्कत

शरिफा, तुला आणि घरात सगळ्यांना सलाम. मी खुशाल हाय. रिम्शाचा खोकला गेला काय?

साहेबांनी शिडाच्या छोट्या बोटीत एसी बसवलाय. त्याच्यासाठी जनरेटर मागच्या बाजूला बांधलाय. बिरवाडीत लाईट गेली की आपण जनरेटर अंगणात ठेवतो. इथे अंगण कुठून आणू? वारा मागून आला की धूर फटींतून केबिनमध्येच शिरतो. आत साहेब, मॅडम आणि तान्हं बाळ दुपारी दार घट्ट लावून झोपतात.

मी सांगितलं, "साहेब, हा धूर झोपेतच माणूस नेतो."

"चाचा, दार उघडं ठेवलं तर गारवा जातो. तुम्ही फक्त जनरेटर बघा."

बंद केला तर मला घरी पाठवतील, आणि माझ्या जागी येणारा एवढंही बोलायचा नाय.

म्हणून दाराबाहेर बसून सारखा विचारतो, "साहेब, चहा आणू?" आतून कोणी खेकसलं की जीव भांड्यात पडतो. दुसरं काय करू गो?

मी उघड्यावर असतो, माझी काळजी नको. आज साहेबांनी उठून चांगल्या शिव्या घातल्या. अल्लाचे उपकार.

रिम्शाचे अब्बा