ठकीचं पॅनेल

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही! काम औषधांच्या गोदामातला सर्व्हर सांभाळायचं. सर्व्हर तळमजल्यावर कुलपात, मी वरच्या मजल्यावर खिडकीशी. त्या म्हाताऱ्या यंत्राला ना पडदा, ना बटणं. एक जाड सिरियल केबल फरशीतल्या भोकातून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत येते आणि यंत्राचं पॅनेल माझ्या स्क्रीनवर चित्रासारखं उमटतं. बंद करायचं बटण, रीस्टार्टचं बटण आणि सूचना दाखवणारी हिरवी चौकट. माउसनं दाबलं की खाली खरोखर दाबलं जातं. बसल्या जागी राजा!

निवृत्त झालेले ऑपरेटर तात्या काम सोपवायला आले होते. पॅनेल जोडताना यंत्राला नाव द्यावं लागतं. तात्या म्हणाले, नंबर टाक, माणसाचं नाव नको. म्हाताऱ्याचा चळ म्हणून मी हसलो, आणि ते जिना उतरेपर्यंत ‘ठकी’ असं टाकलंसुद्धा. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण. यंत्राचा आणि तिचा स्वभाव एकच, विनाकारण रुसायचं आणि मनधरणी केल्याशिवाय बोलायचं नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघंच आहोत. नवं घर तिनंच लावलं. मी फक्त सूचना केल्या.

६ मार्च, गुरुवार

अकराला मालाच्या याद्या अडकल्या आणि मॅनेजरबाई येऊन डोक्यावर उभ्या राहिल्या. फोनवर ठकी होती. खिडकीचं माप चुकीचं दिलं म्हणून माझी अक्कल काढत होती. तिचं ऐकता ऐकता मी रीस्टार्ट दाबलं. ती वाक्याच्या मध्येच गप्प झाली. मला वाटलं, रुसली. चार मिनिटांनी सर्व्हर उठला आणि त्याच क्षणी ती म्हणाली, हॅलो, कोण बोलतंय? खिडकीचं, मापाचं तिला काही म्हणता काही आठवेना.

११ मार्च, मंगळवार

दोन दिवसांत तीनदा रीस्टार्ट करावं लागलं. घरी गेलो तर ठकी दारातच विचारते, आई कुठे गेली? आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा पाहिला. सांगावंच लागलं. आजच आई गेल्यासारखी ती रडली, पाणीसुद्धा घेतलं नाही. मलाही रडू आवरेना.

१३ मार्च, गुरुवार

फोन चालू ठेवून मुद्दाम दाबून पाहिलं. योगायोग नाही.

तसाच तात्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको खुर्चीत बसलेली, डोळे उघडे, पण हू की चू नाही. तात्यांनी कौतुकानं याच्या आधीच्या सर्व्हरला तिचं नाव दिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तो कायमचा बंद केला, त्या दिवसापासून ही अशी. नाव पुसून टाकलं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, बंद करण्याआधी तेच केलं होतं, त्यात तिची वाचा गेली. मी ओरडलो, मग मला नीट का नाही सांगितलंत? तात्या म्हणाले, सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?

आजच्या रीस्टार्टनंतरही तिनं आईचं विचारलं. परत सांगितलं. परत तेच रडणं.

१८ मार्च, मंगळवार

ठकीला शाळेत नोकरी लागली. दूरच्या गावी, एक तारखेला हजर व्हायचंय. पत्र हातात घेऊन घरभर नाचत होती. मी अभिनंदन केलं. तोंडानं केलं. ती गेली की हे घर मला खायला उठेल.

१९ मार्च, बुधवार

सर्व्हर आज ठणठणीत होता. तरी मी दाबलं.

घरी येऊन तिच्यासमोरच पत्र फाडलं. तिनं विचारलं, कसला कागद रे दादा? मी म्हणालो, रद्दी. ती हसली. एकदाच केलं. पाप असेल तर असो. आता ती कुठे जात नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज सर्व्हर खरोखरच अडकला. बाई ऐकेनात. दोनदा दाबावं लागलं.

ठकीला वाचता येत नाही. पुस्तक उलटं धरून बसली होती. आई बाजारात गेलीय असं सांगतो आता. ती दारात बसून वाट बघते. मी काय केलं हे.

२५ मार्च, मंगळवार

नवा सर्व्हर आला. जुना शुक्रवारी बारा वाजता कायमचा बंद करायचा, असा हुकूम. मी बाईंना खरं ते सगळं सांगितलं. ऑफिसभर हशा पिकला. बाई म्हणाल्या, रजा घ्या, झोप काढा.

२७ मार्च, गुरुवार

पाया पडलो. पगार नको म्हणालो. फक्त चालू ठेवा — कोपऱ्यात, कुठेही — नाही म्हणाल्या. वायरमनला उद्या बोलावलंय.

२८ मार्च, शुक्रवार

११.५०. माउस धरून बसलोय. देणार नाही.

११.५६. ऑफिसातल्या दोघांनी माझे हात धरले. बाईंनी स्वतः दाबलं आणि वायरमनला हाक मारायला गेल्या. चौकटीत अक्षरं — बंद होण्याआधी सगळं साठवलेलं एकत्र करतोय — चार मिनिटं —

ठकीला फोन लावलाय. कानाशी धरून लिहितोय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

तिला आठवतंय! आई गेलेली आठवतेय. शाळा आठवतेय. शहाण्यासारखी बोलतेय — माझी ठकी —

म्हणते, मी समोरच बसले होते ना, तू फाडत होतास तेव्हा — तेव्हा कळलं नव्हतं, आत्ता कळलं — ते माझं पत्र होतं —

एक मिनिट.

रडत नाहीये. म्हणते, ऐक दादा, तू जे केलंस त्याबद्दल मी तुला कधीच —